बँकेनं जप्त केलेलं नवंकोरं घर आणि रिकामी फाइल : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बँक लिलावातल्या घरांबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेक सगळ्यांची अडचण एकच, घर जुनं नाहीये, दोन-तीन वर्षांचंच आहे, किंमत बरी आहे, पण कागद विचारले की बँक म्हणते आमच्याकडे एवढंच आहे. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम लांब लिहिलंय कारण बाकीच्यांचं बरंचसं उत्तर त्यातच येतं.

प्रश्न : ताई, आम्ही नवराबायको चिंचवडला भाड्याने राहतो, मिस्टर चाकणला कंपनीत आहेत. मोशीत एका सात मजली बिल्डिंगमधला टू बीएचके बँकेने जप्त केलाय त्याची लिलावाची जाहिरात पेपरमधे बघितली. राखीव किंमत ४६ लाख आहे आणि त्याच बिल्डिंगमधे ६० च्या खाली कोणी बोलत नाही. बिल्डिंगला २०२३ ला पूर्णत्व मिळालं म्हणतात, आधीचे लोक जेमतेम आठ-नऊ महिने राहिले आणि मग हप्ते थकले. ताबा बँकेकडे आहे, कुलूप बँकेचं आहे. आम्ही बघून आलो, किचनच्या ट्रॉल्या काढून नेल्यात, गीझर नाही, लाइटचं मीटर नाही, बाकी घर चकाचक. पण बँकेकडे फक्त करारनामा आहे, पझेशन लेटर नाही, पार्किंगचा कागद नाही, बिल्डरने दिलेली वॉरंटी कार्डं काहीच नाही. साहेब म्हणाले मॅडम जे आहे जिथे आहे तत्त्वावर विक्री आहे, आम्ही कशाचीच गॅरंटी देत नाही. अनामत भरायला तीन आठवडे आहेत. सासरे म्हणतात कागद नाहीत तिथे पाऊल टाकायचं नाही. काय करावं? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, सासऱ्यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धं. कागद नसताना बोली लावू नये हे अगदी खरं. पण तुमच्या केसमधे कागद नाहीयेत असं नाही, ते बँकेच्या फाइलमधे नाहीयेत. दोन-तीन वर्षांच्या घराचं हेच एक बरं असतं की ज्यांनी ज्यांनी कागद बनवले ते सगळे अजून जागेवर आहेत, बिल्डर आहे, आर्किटेक्ट आहे, महापालिकेत फाइल आहे, निबंधक कार्यालयात नोंद आहे. चाळीस वर्षं जुन्या बिल्डिंगचा करारनामा शोधताना जी दमछाक होते ती इथे नाही. फक्त हे सगळं बोलीच्या आधी करायचं, नंतर नाही. कारण बोली तुमच्या नावावर पडली की घड्याळ फार जोरात पळतं.

ते घड्याळ आधी सांगते. ही विक्री सरफेसी कायद्याखाली होते, थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला विकता यावं म्हणून केलेला २००२ चा कायदा. राखीव किमतीच्या साधारण १० टक्के अनामत असते म्हणजे तुमचे ४ लाख ६० हजार. समजा ४८ लाखाला बोली तुमची झाली, तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के पूर्ण करायचे, म्हणजे अनामत धरून १२ लाख. उरलेले ३६ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते पण तीन महिन्यांच्या वर नाही आणि ती मिळेलच असं धरून चालू नका. पैसे वेळेत नाही आले तर भरलेले जप्त. फेब्रुवारी २०२४ मधे सर्वोच्च न्यायालयानं हे अगदी स्पष्ट केलंय की उरलेली रक्कम भरली नाही तर २५ टक्के पूर्ण जप्त करता येतात, बँकेचं नुकसान तेवढं झालंय का हा प्रश्नच येत नाही. १२ लाख म्हणजे तुमच्यासारख्या घरात दहा वर्षांची बचत, म्हणून म्हणते की कर्ज आधी मंजूर करून घ्या. बऱ्याचदा लिलाव करणारी बँकच कर्ज देते, ते विचारा, पण तोंडी हो वर जाऊ नका, मंजुरीपत्र हातात घ्या.

आता हे तीन आठवडे कसे वापरायचे.

पहिल्यांदा दुय्यम निबंधक कार्यालय. बँकेकडून करारनाम्याचा दस्त क्रमांक आणि तारीख घ्या, तेवढं त्यांना द्यावंच लागेल. त्यावरून इंडेक्स टू म्हणजे दस्ताच्या नोंदीचा गोषवारा काढा, नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे तिथे घरबसल्या दिसतो, आणि ऑफिसात अर्ज करून करारनाम्याची सर्टिफाइड कॉपी मागा. लोकांना वाटतं मालक नसताना कोण देणार, पण नोंदणी झालेला खरेदीचा दस्त ही सार्वजनिक नोंद असते, फी भरून कोणालाही नक्कल मिळते. ही कॉपी आली की शेवटची पानं आधी वाचा. सगळे लोक पहिलं पान आणि किंमत बघतात आणि मागची परिशिष्टं कोणी उघडतच नाही. तिथे मंजूर नकाशा असतो, फ्लॅटचा कार्पेट एरिया असतो, पार्किंग दिलंय की नाही ते असतं, आणि सुविधांची यादी असते, कुठल्या प्रकारच्या टाइल्स, दरवाजे कशाचे, नळ कुठले, खिडक्यांचं सेक्शन कुठलं. तुम्ही ज्याला हरवलेली वॉरंटी म्हणताय त्यातला मोठा भाग या यादीत आहे, कारण बिल्डरनं काय द्यायचं कबूल केलं होतं ते तिथे सहीनिशी लिहिलेलं आहे.

पार्किंगचं विशेष बघा. लिलावात घेतलेल्या फ्लॅटवरून सोसायटीत भांडणं होतात त्यातली निम्मी तरी पार्किंगवरून मी पाहिली आहेत. आधीचा माणूस गाडी लावत होता म्हणजे ती जागा त्याच्या नावावर होती असं नसतं. करारनाम्यात नसेल आणि जाहिरातीतही नसेल तर पार्किंग नाही असं समजूनच बोली लावा.

मग महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. २०२३ ला पूर्ण झालेला सात मजली प्रोजेक्ट म्हणजे नोंदणी असणारच. नंबर करारनाम्यात असतो. साइटवर प्रोजेक्ट उघडलात की मंजूर नकाशे, बांधकाम परवाना, आर्किटेक्ट आणि इंजिनिअरचे दाखले, भोगवटा प्रमाणपत्र हे सगळं अपलोड केलेलं असतं किंवा असायला हवं. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी तिथे नसेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात जा, आणि तिथेही टोलवाटोलवी झाली तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयाचा अर्ज. त्याला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात म्हणून तो पहिल्याच दिवशी टाकून ठेवा. आणि "पूर्णत्व मिळालं म्हणतात" यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या मजल्याचा आणि तुमच्या विंगचा उल्लेख ओसीत आहे ना ते डोळ्यानं वाचा, कारण पार्ट ओसी पाच मजल्यांपर्यंतच आहे आणि वरचे दोन मजले लटकलेत असं होतं. ओसी नसेल तर माझं उत्तर सोपं आहे, सोडून द्या, पुढची जाहिरात येईल.

पुण्याकडे अजून एक गोष्ट असते ती म्हणजे बिल्डिंग सोसायटी आहे की अपार्टमेंट. १९७० च्या कायद्याखाली अपार्टमेंट असेल तर प्रत्येक फ्लॅटचं वेगळं डीड ऑफ अपार्टमेंट म्हणजे त्या फ्लॅटच्या मालकीचा दस्त व्हावा लागतो. आधीचे लोक आठ-नऊ महिनेच राहिले म्हणताय, तर त्यांचं ते झालंच नसण्याची शक्यता बरीच आहे. तसं असेल तर बिल्डर ते तुमच्या नावानं करून देईल का हे बोलीआधी त्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, शक्यतो ईमेलवर उत्तर घ्या. नाही बोलला तर काय करायचं ते वकील सांगतील, पण माहिती आधी हवी.

बिल्डरच्या ऑफिसात गेल्यावर ताब्याची तारीखही काढा, म्हणजे पझेशन लेटरची कॉपी. हा एक कागद मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि का ते सांगते.

रेरा कायद्याच्या कलम १४ मधे लिहिलंय की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत, मालाच्या दर्जात किंवा सेवांमधे दोष निघाला तर तो बिल्डरनं जादा पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करून द्यायचा, नाही केला तर भरपाई. आणि या कायद्यात फ्लॅटधारक म्हणजे कोण याची जी व्याख्या आहे त्यात पहिला घेणाराच नाही, तर नंतर विक्रीनं, हस्तांतरानं "किंवा अन्य प्रकारे" तो फ्लॅट ज्याच्याकडे आला तोही येतो. लिलावातून घेणारा या "अन्य प्रकारे" मधे बसतो असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे बिल्डरची जबाबदारी आधीच्या माणसाबरोबर घरातून निघून जात नाही, ती घराला चिकटलेली असते. २०२३ ला ताबा दिला असेल तर २०२८ पर्यंत ती चालू. म्हणून ताब्याची तारीख लागते, त्या तारखेशिवाय पाच वर्षं कुठून मोजणार? पत्र नाहीच मिळालं तर सोसायटीच्या मेंटेनन्सचं पहिलं बिल किंवा मिळकतकराची पहिली आकारणी पण पुरावा म्हणून कामाला येते.

यात एक अडचण आहे ती लपवत नाही. आधीच्या माणसानं भिंत पाडली असेल, बाथरूमची टाइल उखडून नवीन बसवली असेल, बाल्कनी आत घेतली असेल, तर बिल्डर म्हणणार आम्ही दिलं तसं राहिलेलं नाही आणि त्या भागापुरतं त्याचं म्हणणं खरं ठरू शकतं. म्हणून मंजूर नकाशा हातात धरून फ्लॅटमधे उभं राहा आणि एकेक भिंत जुळवा.

वस्तूंच्या वॉरंटीचं सोपं आहे. व्हिडिओ डोअर फोन, इन्व्हर्टर, एसी असं काही शिल्लक असेल तर त्यावर सिरीयल नंबरचं स्टिकर असतं, फोटो काढा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, बऱ्याच कंपन्या नंबरवरूनच सांगतात की वॉरंटी आहे की संपली. बिल किंवा कार्ड मागितलं तर बिल्डरनं एकगठ्ठा घेतलेल्या मालाचं बिल त्याच्याकडे असतं. वॉटरप्रूफिंगची गॅरंटी ठेकेदारानं बिल्डरला दिलेली असते, तुमच्या आधीच्या मालकाकडे ती कधी नव्हतीच, त्यामुळे हरवली म्हणून जीवाला लावून घेऊ नका. तिची कॉपी सोसायटीकडे मागा, कारण ओसी आल्यावर बिल्डिंगचे नकाशे आणि कागद सोसायटीला द्यायची सक्ती रेरातच आहे.

घर परत एकदा बघून या. तपासणीला बँक तासभर देते, पाणी बंद, लाइट बंद, त्यामुळे चकाचक दिसतंय त्याला फार अर्थ नाही. एक टॉर्च, दोन बादल्या पाणी आणि ओळखीचा प्लंबर बरोबर न्या. दीड वर्ष बंद असलेल्या घरात नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं म्हणून वास येतो, झुरळं येतात, ते दोष नाही, पाणी ओतलं की जातं. पण बाथरूममधे ओतलेलं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे आलं तर उतार चुकलाय. चावीनं टाइल वाजवून बघा, पोकळ आवाज किती ठिकाणी येतो. बेडरूमच्या खिडकीखालची भिंत बघा, मोशीत पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तिथे रंगाला फुगे असतील तर पाणी आत येतंय. आणि खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा, नमस्कार करा आणि तुमच्या छताला ओल आहे का विचारा. एका वाक्यात जे कळतं ते कुठल्याच कागदात नसतं.

ट्रॉल्या आणि गीझर कोणी नेले याच्या मागे लागू नका. ताबा घेताना बँकेनं पंचनामा केलेला असतो, त्यात घरात काय होतं ते लिहिलेलं असतं, त्याची कॉपी मागा आणि ज्या दिवशी चावी मिळेल त्या दिवशी तो हातात धरून तारखेसकट व्हिडिओ काढा.

बँकेला अजून काय विचारायचं? आधी हे की ताबा प्रत्यक्ष आहे की सांकेतिक म्हणजे नुसता कागदोपत्री, तुमच्या केसमधे कुलूप बँकेचं आहे म्हणजे प्रत्यक्ष दिसतोय. मग कर्जदारानं डीआरटी म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज टाकलाय का, ४५ दिवसांत त्याला तो टाकता येतो, आणि त्यावर स्थगिती आहे का. डीआरटीच्या साइटवर कर्जदाराच्या नावानं स्वतःही शोधा. कर्जदार ऐनवेळी पैसे भरून घर सोडवेल ही भीती आता बरीच कमी झाली आहे, २०१६ ची दुरुस्ती आणि त्यावरचा २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असं सांगतो की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की त्याचा तो हक्क संपला. पण बँकेनं नोटिसा नीट दिल्या नाहीत म्हणून लिलाव रद्द होऊ शकतो, त्यासाठी ६० दिवसांची पहिली नोटीस, ताब्याची नोटीस, पेपरमधली दोन प्रसिद्धीकरणं हे सगळं वकिलाला दाखवा. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा टायटल रिपोर्ट कर्ज देताना झालेला असतो, कॉपी देत नसतील तर वाचायला तरी मागा. सरसाई म्हणजे तारण कर्जांची केंद्रीय नोंदवही, तिच्या साइटवर थोडी फी भरून बघा की याच फ्लॅटवर दुसऱ्या कोणाचा बोजा नोंदलाय का, एकाच फ्लॅटवर दोन ठिकाणी कर्ज उचललेलं मी स्वतः पाहिलंय.

सेल सर्टिफिकेटचा म्हणजे बँक देते त्या विक्री दाखल्याचा मसुदा वाचल्याशिवाय शेवटचे पैसे भरू नका. फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, पार्किंग, आणि बँकेला माहीत असलेले बोजे कुठले आहेत ते त्यात यावं लागतं. खर्चात पुणे-पिंपरीत अधिभार धरून साधारण ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४८ लाखाला ३ लाख ३६ हजार आणि नोंदणीचे ३० हजार मोजा. बोली ५० लाखाला टेकली किंवा वर गेली तर १ टक्का टीडीएसचं बघावं लागेल, तो कोणाच्या पॅनवर भरायचा हे बँकेकडून लेखी घ्या.

आणि आता एक गोष्ट जी कुठला वकील सांगणार नाही. मी २०१९ ला असंच घर घेतलं होतं. कपाटात आधीच्या कुटुंबाचे देवाचे फोटो, मुलीची शाळेची सर्टिफिकेटं, एक स्वेटर राहिलं होतं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं मुलीची उंची लिहिलेली होती, तीन रेघा. मला रात्रभर झोप नाही लागली. बँकेच्या साहेबांना लेखी कळवून, त्यांच्यामार्फत ते सगळं सामान नीट बॉक्समधे भरून परत पाठवलं. महिन्याभरानं त्या घरातली आजी रिक्षा करून आली, हातात प्लास्टिकची पिशवी. आत पझेशन लेटर, टाइल्सचं बिल, चिमणीचं वॉरंटी कार्ड, नळाच्या दुकानाची पावती, सगळं. म्हणाली, आम्हाला आता काय उपयोग, तुम्हाला लागेल. मी त्यांना चहाला थांबवलं, त्या घरात नाही आल्या, जिन्यातच बसल्या. त्या लोकांनी काही गुन्हा केला नव्हता हो, नोकरी गेली होती. म्हणून सांगते, कर्जदाराशी परस्पर पैशाचं बोलणं अजिबात करू नका, पण त्यांचं सामान कचरा समजून फेकूही नका.

प्रश्न : नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो हाउस आहे, २०२२ चं बांधकाम, सहाच घरांची स्कीम. जाहिरातीत सांकेतिक ताबा लिहिलंय आणि आत एक कुटुंब राहतंय, ते भाडेकरू आहेत म्हणतात. किंमत बाजारापेक्षा तिसरा हिस्सा कमी. एजंट म्हणतो दोन महिन्यात खाली करून देतो. — एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, घेऊ नका. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेनं दारावर नोटीस चिकटवली आहे, एवढंच. खरा ताबा घ्यायला बँकेला सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आदेश, पोलीस बंदोबस्त, तारीख, मग त्या दिवशी कोणीतरी आजारी पडतं आणि परत तारीख. आणि भाडेकरूकडे कर्जाच्या आधीचा नोंदणी केलेला करार निघाला तर वेगळंच प्रकरण. तुम्ही तोपर्यंत पूर्ण पैसे भरलेले असणार आणि हप्ता सुरू झालेला असणार. तो तिसरा हिस्सा स्वस्त आहे तो याचाच आहे. एजंट ज्या पद्धतीनं "खाली करून देतो" म्हणतो ती पद्धत त्याला विचारा, तुम्हालाच नको वाटेल.

आणि सहा घरांची स्कीम म्हणताय, तर महारेरात ती सापडणार नाही कदाचित. आठ युनिटपर्यंतच्या किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या स्कीमला नोंदणीतून सूट आहे. म्हणजे वर चिंचवडच्या ताईंना मी जी साइट सांगितली ती तुमच्या कामाची नसेल, सगळं महापालिकेतून आणि निबंधक कार्यालयातूनच काढावं लागेल. बँकेनं प्रत्यक्ष ताबा घेऊन परत जाहिरात दिली तर मात्र मला जरूर लिहा.

प्रश्न : आमच्या गावच्या पतसंस्थेने एक बंगला लिलावाला काढलाय, सांगलीपासून जवळ, मालकाने स्वतः बांधला, २०२१ ला वास्तुशांत झाली. बिल्डर नाहीच त्यामुळे वॉरंटी वगैरे प्रश्नच नाही, पण बांधकामाचे कागदही मिळत नाहीत. बांधकाम फार भक्कम आहे असं सगळे म्हणतात. — एक वाचक, मिरज तालुका

उत्तर : पहिलं म्हणजे पतसंस्थेचा लिलाव आणि बँकेचा लिलाव यांचे नियम वेगळे. पतसंस्था वसुली दाखला घेऊन सहकार कायद्याच्या नियम १०७ नं विक्री करते. तिथे बोली झाल्या झाल्या १५ टक्के आणि बाकीचे १५ दिवसांत भरायचे, आणि कर्जदाराला विक्रीनंतरही ३० दिवस असतात, त्यात त्यानं येणं आणि तुमच्यासाठी खरेदी रकमेच्या ५ टक्के जमा केले तर विक्री रद्द होते. त्यामुळे विक्री कायम झाल्याचा आदेश येईपर्यंत तिथे रंगाचा एक डबासुद्धा नेऊ नका.

कागदांमधे सातबारा किंवा मिळकत पत्रिका, एनए आदेश, मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी हे चार हवेतच. सातबाऱ्यावर बिगरशेती नोंद नसेल तर पुढे बोलणंच नको. मोजणीचा नकाशा नसेल तर भूमी अभिलेखकडे अर्ज करता येतो, पण वेळ लागतो, म्हणून निदान चारी शेजाऱ्यांबरोबर हद्दीवरून फिरून या.

भक्कम आहे हे कोण म्हणतंय? तुम्ही लिहिलंय सांगलीजवळ, म्हणून मी सगळ्यात आधी विचारीन की २०१९ ला आणि २०२१ ला तिथे पाणी किती आलं होतं. २०१९ ला बंगला नव्हता असं म्हणतील, पण प्लॉट तर होता. जलसंपदा विभागाची पूररेषा बघा, निळी म्हणजे अधूनमधून येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची, निळ्या रेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल रेषेच्या मधे. आणि जोत्याच्या वर दोन-तीन फुटांवर आडवी रेघ किंवा रंगात फरक दिसतो का, कपाटाची खालची फळी फुगलीये का, स्विचबोर्ड कमरेच्या वर सरकवलेत का. स्विचबोर्ड सरकवलेले असतील तर मालकानं पाणी बघितलंय.

स्ट्रक्चरल ड्रॉइंग नसेल तर स्वतंत्र इंजिनिअर घेऊन जा, हातोडीसारखं एक यंत्र असतं रिबाउंड हॅमर म्हणून, त्यानं काँक्रीटचा अंदाज येतो, सळईची जागा आणि वरचं आवरण मोजायचंही यंत्र असतं. काही हजारात होतं. ज्या गवंड्यानं बांधलं तो गावातच असेल, त्याला शोधा. पाया किती खोल गेला, काळी माती होती की मुरूम, सेप्टिक टँक कुठे आहे, बोअर किती फुटांवर लागलं, पाइप कुठून फिरवलेत, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. पाचशे रुपये द्या आणि त्याच्याकडून एका कागदावर चित्र काढून घ्या. माझ्या दृष्टीनं तुमच्या बंगल्याची हीच फाइल.

प्रश्न : ठाण्यात बँकेच्या लिलावात फ्लॅट घेतला, सेल सर्टिफिकेट झालं, नोंदणी झाली. आता सोसायटी म्हणते आधीच्या मालकाची ३ लाख ८० हजार थकबाकी भरा, शिवाय एक लाख ट्रान्सफर प्रीमियम द्या, तोपर्यंत शेअर सर्टिफिकेट नाही, आणि मूळ सर्टिफिकेट तर हरवलेलंच आहे. महावितरणचं पण जुनं बिल आहे, मीटर पीडी म्हणजे कायमचं बंद झालंय. आम्ही का भरायचं? — एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : तुमचा राग समजतो, पण थकबाकी बरीचशी भरावी लागेल. सोसायटीचं येणं बाकी असताना हस्तांतर करायला ती बांधील नाही आणि "जे आहे जिथे आहे" मधे हे पण आलं. मात्र आकडा जसाच्या तसा मान्य करू नका. खातेउतारा लेखी मागा, महिन्यावार. थकबाकीवर व्याज सरळव्याजानं २१ टक्क्यांच्या वर लावता येत नाही, खूप सोसायट्या चक्रवाढ लावतात, दंड वेगळा लावतात, ते सगळं काढायला लावा. लाख रुपये प्रीमियम तर अजिबात नाही, शासनानं २००१ मधे महापालिका क्षेत्रासाठी २५ हजारांची कमाल मर्यादा घातली आहे, बिल्डिंग फंडासाठी देणगी वगैरे नाव देऊन मागितलं तरी उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. हस्तांतर शुल्क ५०० रुपये आणि प्रवेश फी १०० रुपये, ते द्या. हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटसाठी हमीपत्र आणि जाहीर नोटीस देऊन डुप्लिकेट मिळतं, सोसायटीनं ते आधीच्या सभासदाच्या नावानं काढून मग तुमच्या नावावर नोंद करायची, त्यासाठी आधीच्या माणसाची सही लागत नाही, तुमचं सेल सर्टिफिकेट पुरे आहे.

विजेचं म्हणाल तर २०२३ मधे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की लिलावात घेणाऱ्याकडून जुनी बाकी मागता येते, पण त्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणे. महाराष्ट्रात नव्या मालकाकडून सहा महिन्यांपुरतीच मागता येते. महावितरणच्या ऑफिसात हेच लेखी द्या, तेवढे भरा आणि नवीन कनेक्शनचा अर्ज करा, पीडी झालेलं मीटर परत जोडा म्हणून चकरा मारण्यात वेळ जातो. अर्जासोबत सेल सर्टिफिकेटची नोंदणी झालेली प्रत, इंडेक्स टू आणि बँकेचं ताबा दिल्याचं पत्र लावा. तीन लाख ऐंशी हजाराचा उतारा आला की मला पाठवा, त्यात व्याज किती आणि मुद्दल किती ते आपण बसून बघू.